एकच कबुतर तीनदा

विल्फ, तुझी कबुतरं विकली.
बेचाळीस. रविवारी, क्लबच्या हॉलमध्ये,
बिंगोची टेबलं भिंतीला सरकवून.
लिलाव पुकारायला क्लाइव्ह उभा राहिला,
तोच, ज्याच्याशी तू अकरा वर्षं अबोला धरलास
शर्यतीच्या एका घड्याळावरून,
चाळीस सेकंदांवरून.
प्रत्येक पाखराआधी टोपी काढायचा, पुन्हा घालायचा.
चार पाखरांनंतर टोपी हातातच राहिली.

दाराशी मी बादली ठेवली होती,
हॉस्पिसचं नाव चिकटवलेली.
लोक विचारायचे, एनिड, नक्की कशासाठी?
मला कुठलं भाषण येतंय.
मी म्हटलं, रात्रींसाठी.
रात्री कुणीतरी जागं असावं, म्हणून.

पुढचं नाही सांगितलं.
शेवटच्या आठवड्यात तुला बेलचं बटण सापडेना,
तेव्हा ब्लेसिंगनं, त्या रात्रपाळीच्या नर्सनं,
जिला पिसांची ॲलर्जी,
तुझा मक्याचा डबा माझ्याकडून मागून घेतला.
कॉफीचा जुना डबा, आत मूठभर दाणे.
परसात तू तो तीस वर्षं वाजवलास
आणि आभाळातून पाखरं उतरत आली.
आता तू वाजवलास की ब्लेसिंग यायची,
रबरी बुटांत, न धावता, तरी लगेच.
"आले, उतरले," म्हणायची.
मॉर्फिनमध्येसुद्धा तू हसायचास,
तोंडाच्या एकाच बाजूनं.

तर, निळी.
लेरविकहून समुद्र ओलांडून
फाटक्या पंखानं तिसऱ्या दिवशी आलेली तुझी निळी.
तिच्यावर सर्वांत मोठी बोली लागली, दोनशे पौंड.
संडरलँडचा प्लंबर, डगी पॅटिसन.
मंगळवारी सकाळी मी दूध आत घ्यायला गेले
तर बाई खुराड्याच्या छपरावर.
मी डगीला फोन केला, ओशाळून,
जणू मीच चोरून आणली.
तो म्हणाला, पैसे राहू देत. पुन्हा विका.

पुन्हा विकली.
एका मुलीनं घेतली, जेमतेम एकोणीसची,
तिची आजी तिथेच गेली, तुझ्या पलीकडच्या खोलीत.
पस्तीस पौंड, सगळी नाणी, हिशेब करताना बोटं काळी झाली.
नऊ दिवसांनी निळी परत.
तिसऱ्यांदा डोंगरापलीकडे, कार्लाइलला धाडली.
गारांच्या पावसात आली, निम्मं शेपूट गमावून,
आणि अशी बघत होती की उशीर मीच केलाय.

हॉस्पिसच्या ऑफिसातली पोरगी म्हणाली,
मिसेस रॅमशॉ, पावती कुणाच्या नावानं?
मी म्हटलं, एकदा विल्फच्या. तीनदा निळीच्या.
तिनं खरंच तसं लिहिलं.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस.
मला तिचा राग येतो.
तुलाही घरी आणायचं ठरलं होतं.
पलंग आला होता, बैठकीत मांडला होता,
खिडकीतून खुराडं दिसेल असा.
दोन दिवस कमी पडले.
तिला वाट सापडते, तीनतीनदा,
आणि लोक डोळे पुसून म्हणतात, बघ एनिड, खूण आहे ही.
कसली खूण? पाखराला घर कळतं, एवढंच.
तूच सांगायचास.

आता तिला विकत नाही.
कुणी घेतही नाही म्हणा, बदनाम झालीय.

तुझा चष्मा, सपाता, घड्याळ
सगळं एका कागदी पिशवीत मिळालं.
डबा मी परत घेतला नाही.
चार नंबरच्या खोलीत आता कुणी शिक्षिका आहे,
तिलाही बटण सापडत नाही.

संध्याकाळी मी परसात जाते
आणि बशीवर चमचा वाजवते.
आवाज वेगळा येतो, मला कळतंय.
निळी छपरावरून मान वाकडी करते,
बराच वेळ विचार करते.
मग उतरते.