कोंडा

भुवयांवर पीठ घेऊन बसलेला मी,
आणि मलाच भाकर बंद.

दारव्ह्याहून लॅबचा कागद आला होता,
तीन महिन्यांची साखर, नऊ पॉइंट चार.
मग नागपूरहून पुतण्या प्रफुलचा फोन:
"काका, ज्वारी गहू तांदूळ, सारं बंद.
तूप खा, अंडी खा, पनीर खा.
चरबीवर चालवा गाडी."
पंचफुला फोनला कान लावून होती. म्हणाली,
"गिरणीवाल्याच्या घरी तवा पालथा घालू काय मंग?"

घातला.

सकाळी चार अंडी. दुपारी तुपातलं पनीर,
दिग्रसहून आणलेलं, सायकलच्या ट्यूबसारखं.
रात्री मटणाच्या फोडी, नुसत्या,
बाजूला कुस्करायला काही नाही
म्हणून हाताला कळेना थांबायचं कुठं.
गिरणीच्या वीजबिलाएवढे पैसे अंड्यांत गेले.
दिवसभर लोकांचे डबे यायचे,
गरम पीठ चिमटीत धरून पाहायचो, जाड की बारीक,
आणि चिमूट परत डब्यात झटकायचो.

खोटं कशाला बोलू, उतरली साखर.
सातवर आली. पँटीला सुतळी बांधली.
चावडीवर विचारायचे, कोणतं औषध?

पण चौथ्या आठवड्यात पोट बंद पडलं,
फ्यूज उडाल्यावर गिरणी बंद पडते तसं,
एकदम, भरल्या दाण्यासकट.
तोंडाला उतरलेल्या फळाचा वास.
पंचफुला भिंतीकडे तोंड करून निजू लागली.

उपकेंद्रात धुर्वे मॅडमनं बीपी मोजता मोजता
सगळं ऐकून घेतलं. हसली नाही.
"काका, मोठ्या आतड्यात वस्ती असते,
डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांची.
तुम्हाला जे पचत नाही, साल, चोथा, कोंडा,
तेच त्यांचं ताट.
ते जेवून जे मागं टाकतात
त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं."
"अन् तूप?"
"तूप वरच्या वरच जिरतं बहुतेक.
खाली पोचतं थोडं.
अन् चरबीसाठी पित्त जास्त सुटतं,
त्यात तग धरणारे वाढतात, बाकीचे कमी होतात."
मग पट्टी सोडता सोडता विचारलं,
"दाणा नसला की तुमच्या गिरणीतले उंदीर काय खातात?"

"पट्टा," मी म्हणालो.

आणि बराच वेळ पुढं काही बोललो नाही.

"सगळ्यांचं असंच होते, असं नाही," ती म्हणाली.
"अजून पुरतं कोणालेच उमगलं नाही.
तुमची साखर उतरली, हेही खरंच हाय.
फक्त त्यांना उपाशी ठेवून नका उतरवू."

रात्री लाइट नव्हती. पोटावर हात ठेवून पडलो.
किती वर्षं म्हणतोय, माझं पोट, माझं पोट,
आणि इथं तर सातबाऱ्यावर
माझ्याशिवाय सगळ्यांचीच नावं.

आता भाताकडं पाहत नाही. साखर तर नाहीच.
अंडी दोनावर आली.
अंबाडी आहे, बरबटीच्या शेंगा आहेत,
तरोट्याची भाजी, जी मी लहानपणी
ताटाखाली लपवायचो.
जवसाची चटणी, तिच्यात तेलही आहे अन् चोथाही,
हे प्रफुलला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पाहतो.
आणि अर्धी भाकर. अर्धीच. न चाळलेल्या पिठाची.
चाळणी पंचफुलानं खिळ्याला टांगली,
तीत आता कोळ्यानं घर केलंय.

पहिले आठ दिवस नुसता वारा.
पंचफुला म्हणे, "अंदर लगन हाय काय कोणाचं?"
नवव्या दिवशी पहाटे डबा उचलून गेलो
आणि परत येताना शीळ घालत होतो, ती सांगते.
मला आठवत नाही.

साखरेचा पुढचा कागद पुढच्या महिन्यात.
काय येईल, ते येईल.

काल उकंडरावांची सून पायली घेऊन आली.
"भाऊ, एकदम बारीक दळा, मैद्यावानी."
"हो," म्हणालो.
आणि तिची पाठ वळल्यावर
जात्याचं चाक अर्धा आटा ढिलं केलं.