कणकुंबीला साखळी धरताना

साखळीचं हे टोक माझ्या हातात,
दुसरं मष्णू गावसकडे, करवंदीच्या जाळीपलीकडे.
मधे ओहोळ.
नकाशात त्याला नाव नाही, नुसती निळी रेघ,
चौसष्ट सालच्या शाईची,
आणि रेघ आहे तिथं ओहोळ नाही.

साहेब म्हणाले, मोजताना चुकलं तुमचं.
मष्णू म्हणाला, "साखळी चुकत नाही साहेब.
व्हाळ सरकलाय.
ह्या अंगाला खातोय, त्या अंगाला ओकतोय."
आणि पायानंच दाखवलं:
आतल्या वळणावर रेतीची जीभ, मऊ, बिनवारशाची.
बाहेरच्या वळणावर ढासळलेली दरड,
तिच्यातून लोंबणारी जांभळीची मुळं
हवेत काहीतरी चाचपडत.

चार गुंठे.
सातेरी आणि तिचा दीर बारा वर्षं बोलत नाहीत
ते ह्या चार गुंठ्यांवरून.
अर्ज कन्नडात, शिव्या मराठीत,
आणि माती दर आषाढात
हिच्या बांधावरून त्याच्या बांधावर, गुपचूप.

दुपारी सड्यावर भाकरी सोडली.
खाली जांभा, तापलेला, भोकाभोकांचा.
मष्णू आधी खाणीवर होता जांबोटीकडे.
म्हणाला, "खणताना चिरा लोण्यासारखा लागतो गा.
वारा लागला की मग घट्ट."
मी पुस्तकातलं सांगितलं:
पावसानं लाखो वर्षं धुतला हा डोंगर,
विरघळण्यासारखं होतं ते सगळं नेलं,
नेता आलं नाही ते हे. लोखंड. गंज.
तो ऐकत होता, खरं त्याचं लक्ष
एका भोकात शिरणाऱ्या मुंगीकडे.

तिथून हाकेवर डोंगराची पाठ.
कळशीत उरलेलं पाणी त्यानं त्या पाठीवर ओतलं.
थोडं पूर्वेला वळलं, रमतगमत,
मलप्रभेच्या वाटेनं: खानापूर, पुढं सौंदत्ती.
तिथं नविलुतीर्थाला डोंगर आडवा आला
तर नदीनं वळसा घेतला नाही.
लोक म्हणतात मोरानं हाक मारली.
मोर असेलही.
खरं डोंगर मुळात वाळूचा, थिजून दगड झालेला,
आणि त्याला कापणारी तीही वाळूच,
पाण्यानं मुठीत धरलेली.
घाई कुणालाच नव्हती.

उरलेलं पाणी पश्चिमेला गेलं.
त्याला घाई. समुद्र जवळ, उतार उभा.
म्हणून ते पुढं पळतं
आणि मागं खातं,
दरीचं तोंड वर वर सरकत येतं कड्याकडे,
वर्षाला नखाएवढं, कधी तेवढंही नाही,
कधी एका रात्रीत झाडांसकट अख्खी दरड.
एक दिवस ते इथं पोचेल, आम्ही बसलोय तिथं,
आणि मलप्रभेचं पहिलं पाणी
न विचारता गोव्याकडे वळवून घेईल.
तेव्हा कुठली कचेरी असेल, कुठल्या भाषेत नोटीस निघेल,
मी मनात हिशेब करू लागलो
आणि शून्यं मोजतानाच थांबलो.

तीन वाजता दगड पुरला.
वर मुरूम लागला, मग ओल,
मग हाताच्या पंजाएवढा गुळगुळीत गोटा,
ओहोळापासून पन्नास पावलांवर.
म्हणजे कधीतरी पाणी इथूनही गेलेलं.
मष्णूनं तो दिराला दाखवला नाही, सातेरीलाही नाही.
पाचर म्हणून हद्दीच्या दगडाखालीच ठोकला.

सातेरी इतका वेळ शेणाची पाटी घेऊन उभी होती.
म्हणाली, "हा किती वर्षं ऱ्हाईल गा?"
साहेब शेरा लिहीत होते.
मष्णू साखळी गुंडाळत होता, कड्या मोजत,
मोजताना तो कुणाशी बोलत नाही.
शेवटच्या कडीत अडकलेली रेती
त्यानं गुडघ्यावर आपटून झटकली.
ती कुणाच्या बाजूला पडली
ते मी बघितलं नाही.