घरचा आवाज

रविवारी चर्चमध्ये माझा आवाज वेगळाच लागतो,
लोण्यात बुडवल्यासारखा.
"हे परमदयाळू पित्या," म्हणतो मी,
आणि ग्रिम्झबीची म्हातारी माणसं
मराठी कळत नसून माना डोलवतात.

अमोस आता येत नाही. सोळावं लागलंय.
दारात उभा राहून म्हणाला,
"पप्पा, घरी बोलता ना,
तसं बोला की तिथं एकदा."
एस्तेर इस्त्री करत होती.
तिनं मान वर केली नाही.
तेच जास्त लागलं.

मंगळवारी रात्रपाळी. हॅडकच्या खोक्यांवर खोकी,
बोटं बधिर. घरी गॅसच्या मीटरवर उरलेले तीन पौंड,
नगरहून भावाचा निरोप: आईच्या औषधाचं काय ते बघ.
शीतगृहात कुणी नव्हतं.
दार ओढून घेतलं आणि
घरच्या आवाजात सुरू झालो:
"किती वेळा सांगायचं तुला?
ऐकू येतं की नाही?
मी एकट्यानंच मरायचं का या घरासाठी?"

पंखे घरघरत राहिले.
तोंडातून वाफ निघत होती, तिच्याकडे बघत
मी मध्येच थांबलो.
देवाला हे शब्द नवे असतील कदाचित.
एस्तेरला पाठ आहेत.

पहाटे घरी आलो तर दारातच अमोसचे बूट,
नेहमीसारखे आडवे, ओले.
अगदी जिभेवर आलं होतं.
उचलले, रेडिएटरवर ठेवले.
रेडिएटर गार होता. तरी ठेवले.

वरून त्याचा खोकला ऐकू आला.

शीतगृहातल्या त्या प्रार्थनेला
मी अजून आमेन म्हटलेलं नाही.