खवट

सांवेर रोडवरच्या कारखान्यात
बावीस वर्षं मी जिभेचा पगार घेते.
सकाळी अकराला पाच जण बसतो.
वाटीत कुरमुरे, पेल्यात कोमट पाणी,
मधे परातीत लौंग सेवेचा नवा घाणा.
नियम असा की आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं.
पण कागद एकच येतो, पेनही एकच,
आणि तो आधी गेंदालालजींकडे जातो
कारण ते सगळ्यांत जुने.
माझी खुर्ची शेवटची, फ्रिजला लागून.

त्या गुरुवारी पहिली चिमूट तोंडात टाकली
आणि लवंगेच्या मागून, बेसनाच्याही मागून
टाळूला काहीतरी चिकटलं,
बंद घरातल्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडावं तसं.
खवट.
आईचा शब्द. मूठभर दाण्यांतला एकच
थुंकून टाकताना ती म्हणायची.
आमच्या टेबलावर हिंदी चालते
आणि इतक्या वर्षांत त्या चवीला हिंदीत
मला नेमका शब्द सापडलेला नाही.

गेंदालालजी म्हणाले, बढ़िया.
परवीन आपा म्हणाल्या, बढ़िया, लौंग थोड़ी तेज.
मालकांचा पुतण्या, मोबाइलमधून मान न काढता, बढ़िया.
पुराणिक तरी? तो आपला,
बेसनाची गिरणी बोटांनी ओळखणारा.
पुराणिक म्हणाला, अपन को तो एकदम बढ़िया लगा, भिया.

आता जसं झालं तसं सांगते.
मी घाबरले नाही. कुणी डोळे वटारले नव्हते,
नोकरी जाणार नव्हती.
मी फक्त दुसरी चिमूट घेतली
आणि ती चांगली लागली.

लागली!
खोटं बोलले असते तर बरं होतं.
खोटं आतल्या कप्प्यात राहतं,
घरी नेऊन बघता येतं.

भाचा नीरद एम. वाय. हॉस्पिटलात मेंदूचे फोटो काढतो.
जेवताना म्हणाला, मावशी,
चार जण एक म्हणाले आणि तुला दुसरं वाटलं
की आत काहीतरी दचकतं.
जिना संपलेला असताना
आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकतेस ना, तसं.
मेंदूला वाटतं, चूक झाली.
कुणाची, ते तो विचारत बसत नाही.
हाताशी असेल ती दुरुस्त करतो.

म्हणजे जीभ?
कधी नुसता शब्द, म्हणाला, कधी जीभसुद्धा.
आणि वरण वाढ म्हणाला.

वरण वाढता वाढता मला पद्मजाचं स्थळ आठवलं.
सगळे म्हणाले होते, माणसं चांगली आहेत.
मलाही चांगली वाटली होती.
वाटली होती, हं. नुसतं म्हटलं नव्हतं.
तिचं पत्र अजून कपाटात आहे.

रात्री पर्समधली पुडी काढली.
दिवा लावला नाही, ओट्यापाशी उभी राहून खाल्ली.
खवट.
स्वच्छ, उघडं, कुणालाही न लाजणारं खवट.
इतका आनंद झाला की आणखी एक घास घेतला.
तेवढ्यात शेजारच्या टीव्हीत
पुष्कळ माणसं एकदम हसली
आणि मीही हसले,
विनोद ऐकलेला नसताना.

सोमवारी माझ्या पलीकडे एक स्टूल मांडलेलं.
देवासची गरिमा, पहिलाच दिवस.
सेव गालात धरून बसलेली, चावतच नव्हती,
माझ्या तोंडाकडे बघत.
चार बढ़िया होऊन गेले होते.
कागद माझ्यापुढे आला,
पेन चार हातांनी गरम.
मी कुरमुरे खाल्ले. पाणी प्याले.
म्हटलं, आधी तू लिही,
आणि फ्रिजकडे तोंड करून बसले.