पान एकेचाळीस

तिसऱ्यांदा उघडलाय पहिला खंड,
या खेपेला शहर कोण बुडवणार
हे आधीच ठाऊक असलेल्या डोळ्यांनी.

शाहूपुरीतल्या रद्दीवाल्याकडून
वजनावर घेतले होते सहाही खंड.
साडेचार किलो राज्य,
सुतळी फुकट.
दुसऱ्याचा कणा सुटला तेव्हा सन्मतीनं
सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली त्याला,
अजून धरून आहे.

सन्मती मगदूम. गंगावेशीत पहाटे म्हशींची धार काढतो
आणि उरलेल्या दिवसात
नऊ बुरुजांच्या शहराचे नकाशे.
त्याचं म्हणणं, मिठागराची राणी मेलेलीच नाही.
पुरावा?
तिची चिता पेटते त्या अख्ख्या प्रकरणात
कुणाच्याही डोळ्यांत धूर जात नाही.
"विसरला असेल लेखक."
"लेखक इसरत न्हाई गं, लेखक दडवतोय,"
म्हणत तो किटलीचं झाकण असं दाबून बसवतो
जणू आत सातवा खंड आहे.

माझ्याकडे दोनशेपानी वही.
डावीकडे, कोण काय बोललं.
उजवीकडे, बोलताना त्याला काय माहीत होतं.
उजवी बाजू नेहमी अपुरी पडते.

पान एकेचाळीस. मेजवानी.
चांदीच्या घंगाळात सगळे हात धुतात,
तिसऱ्या वेशीचा पहारेकरी तिरंध
डाव्या हाताचा मोजा काढत नाही.
एवढंच. एक वाक्य,
तेही दोन विनोदांच्या मध्ये दडपलेलं.
पहिल्या वाचनात मी विनोदांना हसले.
दुसऱ्यात मला युद्धाची घाई होती.
चौथ्या खंडात तो मोजा उतरतो,
तळहातावर तापल्या किल्लीचा डाग,
आणि रात्रीतून वेस उघडी.

पेन्सिलीनं खूण केली.
सन्मतीला फोन केला. "नाद खुळा," तो म्हणाला.

मग जेवायला बसलो, आण्णांनी तांब्या पुढे केला,
आणि मला त्यांची नखं दिसली.

उद्यमनगरात बावीस वर्षं लेथ.
नखांतलं काळं तेल लग्नाकार्यालाही निघायचं नाही,
न्हाणीत रॉकेलचा वास कायमचा मुक्कामी.
मी बारावीत होते, दुसरा खंड चालू होता,
त्या दिवाळीपासून
आण्णांचे हात स्वच्छ होते.
डबा रोज जायचा, रोज रिकामा यायचा,
एकदा त्याच्या बुडाला चिकटून आलं
टाऊन हॉलच्या बागेतलं एक पान.
मी ते खूण म्हणून पुस्तकात घातलं.
अजून आहे. दुसरा खंड, दोनशे बारा.

लेथ विकल्याचं आषाढात कळलं,
तेही ती उचलून नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडून.
आई आठ दिवस बोलली नाही.
मी म्हणाले होते, असं अचानक कसं?
अचानक!

आता आण्णा घरीच असतात.
गेल्या गुरुवारी बघते तर पहिला खंड त्यांच्या मांडीवर,
ओळीखाली बोट,
ओठ हलतायत चौथीतल्या पोरासारखे.
चाळीस पानांना चार दिवस लागले.
मी गवारी मोडत होते.
पान उलटल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ आलाच नाही.

"ह्यो गडी," आण्णा म्हणाले,
"हातमोजा का काढंना झालाय?"

सन्मतीला आणि मला तीन वाचनं लागली होती.

"पुढं वाचा की," मी म्हणाले. शेंग हातातच.
"नगं. असू दे त्येचं त्येच्यापाशी."

चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला,
दूध आलं का विचारलं.
मी उठून बघायला गेले,
परत आले तर
ते बेचाळिसाव्यावर होते.