श्वास सोडा

एकतीस वर्षं मी पुण्याचे फोटो काढले
आतून.
बरगड्या, मणके, पोरानं गिळलेलं नाणं,
दुचाकीवरून पडलेल्यांची मनगटं,
एकाचाही चेहरा सांगता येणार नाही.
शिशाच्या भिंतीआडून ओरडायचो,
श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.
मग बटण.
मग, सोडा.

निवृत्तीच्या पैशातून जुन्या बाजारात कॅमेरा घेतला,
पट्टा झिजलेला, झाकण दुसऱ्याच कंपनीचं.
विकणारा म्हणाला, हिरव्या खुणेवर ठेवा, सगळं आपोआप येतं.
तरन्नुमनं पहिल्याच रविवारी ती चकती फिरवली
आणि एमवर आणून ठेवली.
"आपोआप आलेलं कॅमेऱ्याचं, काका. तुमचं काय?"

भवानी पेठेतली, वय बावीस,
लग्नसराईत मामाच्या मागे फ्लॅश धरून उभी राहते,
लग्न नसेल त्या रविवारी मला शिकवते.
फी : दोन बनमस्का आणि वाद न घालणं.
दुसरं मला जमत नाही.

मंडईत, लिंबांच्या ढिगासमोर, अ‍ॅपर्चर.
आकडा लहान तेवढं भोक मोठं.
हा उलटा हिशेब कुणी ठरवला, विचारलं
तर म्हणाली, पेन्शनचा फॉर्म कुणी ठरवला ते विचारलंत?
एक पूर्णांक आठला एकच लिंबू उरलं,
देठाजवळच्या काळ्या ठिपक्यासकट,
मागची अख्खी मंडई विरघळून गेली.
सोळावर सगळे परतले :
तराजू, भाव करणाऱ्या बाई, छपरावरची कबुतरं.
मला सोळा आवडतं.
एक्स-रेत काही धूसर राहिलं की डॉक्टर परत पाठवायचे.

बंडगार्डनला शटर.
सेकंदाच्या हजाराव्या भागात बंधाऱ्याचं पाणी म्हणजे काचेचे तुकडे,
अर्ध्या सेकंदात तेच पाणी पिंजलेला कापूस.
वासात फरक नाही.
ट्रायपॉड नाही तर कठड्यावर टेकवा, म्हणाली.
टेकवला. पुलावरून बस गेली, कापूस फाटला.

दिवस उतरला तसा आयएसओ चढवला,
शंभर, आठशे, सहा हजार चारशे,
आणि आभाळात रवा सांडला.
अंधाराकडून उसनं घेतलं की व्याज असं लागतं.
हे तिच्या मामाचं वाक्य असावं.

व्हाइट बॅलन्स मात्र माझं मलाच कळलं.
ट्यूबलाइटखाली सगळी माणसं हिरवट दिसायची,
मला वाटायचं, आजारी आहेत म्हणून.

मागच्या पडद्यावर एक आलेख असतो, पर्वतीएवढा उंचवटा.
डाव्या भिंतीला चिकटला तर काळोखात बुडालं,
उजव्या भिंतीला धडकला तर उजेडात जळालं,
आणि जळालेलं परत आणता येत नाही.
पण डोंगर मधोमधच हवा असंही नाही, ती म्हणते,
काळी म्हैस काळीच दिसू दे.

परवा लिंबंवाल्या हौसाबाई म्हणाल्या,
लिंबांचे शंभर काढलेत, माझा एक काढा.
पदर सारखा केला, चमकी पुसली.
दोन पूर्णांक आठ. अडीचशेवा भाग. आयएसओ चारशे.
फोकसचा चौकोन डाव्या डोळ्यावर. सगळं बरोबर.
आणि तोंडातून गेलं,
श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका.

हौसाबाई पेशंट झाल्या.
खांदे कानाशी, हनुवटी वर,
डोळ्यांत, काय निघेल याची भीती.
हा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो.
भिंतीपलीकडे एकतीस वर्षं
सगळे असेच उभे असणार.

तरन्नुम कोपराशी येऊन हळूच म्हणाली,
पुढचंही म्हणा की, काका.

सोडा, मी म्हणालो.

खांदे उतरले. हौसाबाईंनी
शेजारच्या कोथिंबीरवाल्याला एक शिवी हासडली, हसल्या,
त्यात कुठेतरी मी दाबलं.
हात हलला होता. कान थोडा धूसर आलाय.
परत पाठवायला डॉक्टर नाहीत.