गाली, गाळी

उद्यमबागेत दिवसभर लेथवर
मी मायक्रॉनचा हिशेब ठेवते,
म्हणून मल्लप्पाच्या दुकानात
चाक हाती आलं की आधी
हबमध्ये करंगळी घालून फिरवते.

एक जोडी कार्बनची,
पन्नास मिलिमीटर खोल, काळी;
टिचकी मारली तर
रिकाम्या घागरीगत बोलते.
दुसरी नुसती अ‍ॅल्युमिनियमची रिम,
उथळ, अठ्ठावीस भोकांची,
माझ्याच जुन्या हबवर बांधता येईल अशी.
फरक दोनशे साठ ग्रॅमचा
आणि माझ्या तीन पगारांचा.

काटा तिसऱ्यांदा शून्यावर आणत
मल्लप्पा म्हणाला, "अक्का,
आमच्यात चाक म्हणजे गाली, वारा म्हणजे गाळी.
जीभ जरा वळली की
एकाचं दुसरं होतंय बघ की."

मला आठवला
येळ्ळूरचा चढ संपतो तिथला,
राजहंसगडाच्या बगलेतला वारा.
गेल्या माघात परशरामच्या खोल रिमला
त्यानं कानाला धरून
मसुराच्या रानात नेऊन बसवलं होतं.
खांदा अजून दुखतो म्हणतो,
चाकं मात्र विकत नाही.

मीही काळ्या रिमवरून
आणखी एकदा हात फिरवला.
फिरवायला काय जातंय?

"उथळच बांध," म्हटलं,
"बेअरिंग मी बसवीन."

संध्याकाळी स्टँडवर चाक चढवून
तो एकेक तार बोटानं छेडत गेला.
मी पलीकडे वाकून उभी.
एकोणिसावी सैल होती.
दोघांनाही एकदमच ऐकू आली.